खेळाडूनं कधी थांबावं? चर्चेच्या प्रश्नाचा संशोधनाचा प्रश्न कसा करायचा



पेट झाली, मुलाखतीची तारीख लागली की सगळ्यांची एकच धावपळ सुरू होते: विषय काय घ्यायचा? मग जे विषय सुचतात त्यातले निम्मे 'काय करावे', 'कसे असावे', 'कधी घ्यावे' या शब्दांवर संपतात. पारावर चर्चा करायला हे विषय उत्तम, पण सिनॉप्सिसमध्ये तसेच्या तसे उतरवले की समितीतला पहिलाच सदस्य विचारतो, "यात मोजणार काय?" आणि तिथं आपण अडकतो.

आज असाच एक विषय घेऊ आणि तो शेवटपर्यंत सोलून पाहू: अव्वल खेळाडूनं स्पर्धेतून निवृत्ती कधी घ्यावी?

हा विषय मुद्दाम निवडला आहे. मी लिहितोय ते केज तालुक्यातल्या युसूफ वडगावहून. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावला. शिवाय आपल्या भागात पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं तुम्ही रोज पाहता. त्यातल्या प्रत्येकाला घरातलं कुणीतरी एकदा म्हणतंच, "आता पुरे झालं, वय गेलं." वय खरंच गेलं का, हे ठरवायचं कसं? हा प्रश्न ऑलिम्पिकवाल्यालाही आहे आणि भरतीवाल्यालाही.

आधी 'घ्यावी' बाजूला काढा

विजय मर्चंट यांच्या नावावर एक वचन सांगितलं जातं. त्याचा आशय असा की, लोक 'का सोडलंस?' असं विचारतील तेव्हा सोडावं, 'का सोडत नाहीस?' विचारू लागेपर्यंत थांबू नये. ऐकायला एकदम पटतं. पण संशोधक म्हणून विचारा, हा नियम नेमकं काय वाढवतो? धावा नाही, पदकं नाहीत, कमाईही नाही. हा नियम फक्त लोकांच्या मनातली आठवण सांभाळतो. ज्याला आठवण सर्वात महत्त्वाची वाटते त्याच्यासाठी तो बरोबर. ज्याच्या पगारावर सहा माणसांचं घर चालतं त्याच्यासाठी तो कदाचित चूक.

गंमत म्हणजे मर्चंट यांचा स्वतःचा शेवट इतका सरळ नव्हता. १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. म्हणजे 'शिखरावर असताना निवृत्ती' या गोष्टीतही दुखापतीचा वाटा होता. आपण नंतर गोष्ट सांगताना तो गाळतो.

इथून पहिली शिकवण घ्या. 'कधी घ्यावी' या प्रश्नाच्या पोटात निदान तीन वेगळे प्रश्न लपलेले असतात. एक, कामगिरी कधी उतरू लागते? हा मोजण्याचा प्रश्न. दोन, उतरती लागली हे त्या खेळाडूला त्या वेळी कळू शकतं का? हा अंदाजाचा प्रश्न. तीन, थांबल्यावर त्याचं काय होतं? हा परिणामाचा प्रश्न. तिन्हींना डेटा वेगळा लागतो, पद्धत वेगळी लागते. तिन्ही एकाच वाक्यात कोंबले की सिनॉप्सिस फसतो.

काय मोजायचं? साबळेचे आकडे

अविनाश साबळेची शर्यत म्हणजे ३००० मीटर स्टीपलचेस. २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडत पळायचं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम मोडत गेला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८:१८.१२, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक, जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

आता हे आकडे वयासमोर मांडा. त्याचा जन्म सप्टेंबर १९९४ चा. चोविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्याच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे साधारण चार वर्षांत, वेळ १८.६० सेकंदांनी कमी झाली. पुढच्या दोन वर्षांत फक्त १.२९ सेकंदांनी. घाईत पाहणारा म्हणेल, 'बघा, संपत आला.' पण नीट पाहा, वेळ अजून कमीच होते आहे. सुधारण्याचा वेग मंदावला, कामगिरी उतरलेली नाही. उताराचा दर आणि उतार यांत गोंधळ करणं ही आलेख वाचणाऱ्याची सर्वात नेहमीची चूक आहे. हिमालय चढणाऱ्याचाही वेग शिखराजवळ कमी होतो. त्याचा अर्थ तो खाली येतोय असा होत नाही.

दुसरी अडचण यापेक्षा मोठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला सुवर्ण मिळालं ८:१९.५० वर. २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गुमीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण मिळालं ८:२०.९२ वर. आणि या दोन्हींच्या मधे, ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत तो ८:१४.१८ पळाला, दोन्हीपेक्षा वेगानं, आणि अकरावा आला.

मग त्याची चांगली कामगिरी कुठली? वेळ हे मोजमाप घेतलं तर पॅरिस. क्रमांक घेतला तर हांगझोऊ आणि गुमी. पदकासाठीच्या शर्यतीत धावपटू घड्याळाशी नाही, शेजारच्याशी पळतो; सुरुवात संथ होते आणि शेवटच्या फेरीत फैसला लागतो. त्यामुळे मोठ्या स्पर्धांमधल्या वेळा एका ओळीत मांडून 'वयानुसार घसरण' दाखवणं म्हणजे नांगरणीचा वेग बैलगाडीच्या शर्यतीशी ताडून पाहण्यासारखं आहे. बैल तेच, काम वेगळं.

तुमच्या विषयातही असंच असतं. मोजमापाचा आकडा सहज मिळतो म्हणून तो घेऊ नका. तो आकडा तुमच्या प्रश्नाचंच उत्तर देतो का, हे आधी तपासा. संशोधनाच्या भाषेत याला वैधता म्हणतात आणि तोंडी परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो.

सरासरी वय सांगणारे अभ्यास

'शिखराचं वय' यावर चांगलं काम झालेलं आहे. शुल्झ आणि कर्नो यांनी १९८८ मध्ये धावणं, पोहणं, बेसबॉल, टेनिस आणि गोल्फ या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या वयाचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की पिढ्यान् पिढ्या विक्रम सुधारत गेले, तरी ज्या वयात सर्वोत्तम कामगिरी होते ते वय फारसं हललं नाही. २०१५ मध्ये ॲलन आणि हॉपकिन्स यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात खेळानुसार मोठा फरक दिसला: जलतरणात शिखर साधारण विसाव्या वर्षाच्या आसपास, फेकीच्या प्रकारांत सत्ताविसाच्या आसपास, आणि अतिदीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये थेट एकोणचाळीसच्या आसपास.

म्हणजे 'खेळाडूचं वय' असं एक वय नसतंच. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, आणि तिचं पहिलं ऑलिम्पिक टोकियोला झालं, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. नेमबाजीत फुप्फुसाचा दम वेगळ्या तऱ्हेनं लागतो, तिथं स्थिरता आणि अनुभव मोठा. पोहणारीला जे वय 'उशीर' वाटेल, ते नेमबाजीत सुरुवातीचं वय असू शकतं.

आता सापळा सांगतो. अशा अभ्यासात एखाद्या वर्षी स्पर्धेत उतरलेल्या सगळ्या वयाच्या खेळाडूंना एकत्र घेऊन वयानुसार सरासरी काढली, तर ती फसवते. एक कल्पित उदाहरण करून पाहा. समजा विसाव्या वर्षी पाच जण १६०० मीटर पळतात. त्यांच्या वेळा ५:००, ५:१०, ५:२०, ५:३० आणि ५:४०. सरासरी ५:२०. तिसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक जण ५ सेकंदांनी मंदावला. पण मागच्या तिघांनी मधेच पळणं सोडलं, कुणी पुण्याला कंपनीत गेला, कुणी दुकान टाकलं. उरले दोन: ५:०५ आणि ५:१५. सरासरी ५:१०.

प्रत्येक माणूस मंदावला आणि सरासरी मात्र १० सेकंदांनी सुधारली! कारण तिसाव्या वर्षी मैदानात फक्त चांगलेच उरलेत. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात, म्हणजे टिकलेल्यांनाच मोजल्यामुळे येणारा दोष. यावर उपाय म्हणून संशोधक एकाच खेळाडूचं हे वर्ष आणि पुढचं वर्ष जोडीनं पाहतात. वेगवेगळ्या माणसांची तुलना करण्याऐवजी त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना. हा लॉन्जिट्यूडिनल डेटा जमवायला वेळ खातो, पण असा प्रश्न असेल तर दुसरा रस्ता नाही.

आणि तरीही एक भोक राहतंच. वाईट वर्षानंतर ज्याला संघातून काढलं किंवा ज्यानं स्वतःच सोडलं, त्याचं 'पुढचं वर्ष' डेटात येतच नाही. ते भोक किती मोठं असू शकतं हे पाहायला आपण सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ.

२४.२७ आणि २३.८०

सचिन तेंडुलकरची २००६ या वर्षातली कसोटी सरासरी २४.२७ होती. ८ सामने, २६७ धावा. आणि २०१२ या वर्षातली कसोटी सरासरी २३.८०. ९ सामने, ३५७ धावा.

दोन आकडे जवळजवळ जुळे. पहिल्या आकड्यानंतर, २००७ च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडल्यावर, इयान चॅपलनं लिहिलं की सचिननं आरशासमोर उभं राहून निवृत्तीचा विचार करावा. सचिन थांबला नाही. २०१० मध्ये, सदतिसाव्या वर्षात, त्यानं १४ कसोटींत १५६२ धावा केल्या, सरासरी ७८.१०, शतकं सात. त्याच वर्षी ग्वाल्हेरला एकदिवसीय सामन्यात द्विशतक. पुढच्या वर्षी विश्वचषक. दुसऱ्या आकड्यानंतर मात्र तसं काही झालं नाही. जानेवारी २०११ मधलं केपटाऊनचं शतक हेच त्याचं शेवटचं कसोटी शतक राहिलं आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर दोनशेवी कसोटी खेळून तो थांबला.

आकडा तोच, अर्थ उलटा. असं का?

एक कारण नुसत्या योगायोगाचं. फलंदाजाच्या धावा फार विखुरलेल्या असतात, आज शून्य, उद्या १२०. साधारणपणे या धावांचं प्रमाण विचलन सरासरीच्या आसपासच जातं. सचिनची कारकिर्दीची सरासरी जवळपास ५४. २००६ मध्ये तो ११ वेळा बाद झाला. मग त्या वर्षाच्या सरासरीची प्रमाण त्रुटी आली ५४ भागिले ११ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १६ धावा. ५४ ऐवजी २४ म्हणजे ३० धावांची तूट, दोन प्रमाण त्रुटींच्या जरा आतच. एकच वर्ष पाहिलं तर तूट मोठी वाटते. पण चोवीस वर्षांच्या कारकिर्दीतून सर्वात वाईट वर्ष वेचून काढलं तर असं एखादं वर्ष सापडणारच. वीस वेळा चाचणी करायची आणि एकदा निकाल आला की तोच छापायचा, हा प्रकार संशोधनातही चालतो. तुम्ही तो करू नका.

दुसरं कारण पूर्वमाहितीचं. २००६ मध्ये सचिन तेहतीस वर्षांचा होता आणि त्या सुमारास कोपराची व खांद्याची शस्त्रक्रिया झालेली होती. घसरणीला दुरुस्त होणारं कारण होतं. २०१२ मध्ये तो एकोणचाळीसचा होता, आणि वयावर शस्त्रक्रिया नसते. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आभाळ ज्येष्ठात भरून आलं तर तो तिफण बाहेर काढतो, पौषात भरून आलं तर हरभऱ्यावरच्या घाटेअळीची काळजी करतो. ढग तेच, महिना वेगळा. बेजियन पद्धत म्हणून जे तुम्ही पुढे शिकाल त्याचं मूळ एवढंच आहे: नवा पुरावा जुन्या माहितीच्या पार्श्वभूमीवर वाचायचा.

आता या उदाहरणातली मुख्य गोष्ट. समजा सचिननं २००७ मध्ये खरोखर निवृत्ती घेतली असती, तर काय झालं असतं? सगळे म्हणाले असते, 'योग्य वेळी थांबला.' २०१० हे वर्ष घडलंच नसतं, त्यामुळे निर्णय चुकला हे कुणालाही, त्याला स्वतःलाही, कधीच कळलं नसतं. जो थांबतो त्याच्या पुढच्या वर्षाचा डेटा तयारच होत नाही. निवृत्ती स्वतःबद्दलचा पुरावा पुसून टाकते.

संशोधनात याला न घडलेल्या पर्यायाची अडचण म्हणतात, काउंटरफॅक्च्युअल. म्हणूनच 'लवकर थांबलेले शहाणे आणि उशिरा थांबलेले हट्टी' ही आपली समजूत मुळात लंगडी आहे. उशिरा थांबलेल्याची चूक सगळ्या जगाला दिसते, लवकर थांबलेल्याची चूक कुणालाच दिसत नाही. ज्या चुकीची नोंदच होत नाही ती चूक आपल्याला होत नाही असं वाटत राहतं.

मग अभ्यास करायचाच नाही का? करायचा, पण जिथं थांबणं किंवा चालू ठेवणं खेळाडूच्या फॉर्मवर अवलंबून नव्हतं अशा जागा शोधायच्या. टोकियो ऑलिम्पिक २०२० वरून २०२१ ला गेलं, ते साथीमुळे. ज्यांनी २०२० नंतर थांबायचं ठरवलं होतं त्यांना कामगिरीशी संबंध नसताना एक वर्ष जास्त खेळावं लागलं किंवा आधीच सोडावं लागलं. अशा प्रसंगाला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. प्रयोगशाळा नसलेल्या विषयात हीच आपली प्रयोगशाळा.

थांबण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते

आता तिसरा प्रश्न, थांबल्यावर काय? तीन माणसं पाहू.

खाशाबा जाधव. जन्म १९२६. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे, १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची संधी गुडघ्याच्या दुखापतीनं हुकली. इथं निर्णय गुडघ्यानं घेतला.

ललिता बाबर. साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची. तिचीही शर्यत ३००० मीटर स्टीपलचेसच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत ९:१९.७६ हा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावली होती, त्यानंतर ट्रॅकवरच्या प्रकारात तिथवर पोचलेली ही पहिली भारतीय महिला. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. पुढे ती महाराष्ट्र शासनाच्या महसूल सेवेत अधिकारी झाली. ती आणखी किती वेगानं पळाली असती हे कुठल्याही वक्रावरून काढता येणार नाही. पण थांबल्यावर उभं राहायला तिच्या पायाखाली जमीन होती, एवढं स्पष्ट दिसतं.

आणि साबळे. तो बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला होता, राजस्थानात होता. स्पर्धेचं धावणं त्यानं सुरू केलं ते २०१५ मध्ये, सैन्यातल्या क्रॉस कंट्रीपासून, म्हणजे वयाच्या विशीत. स्टीपलचेसकडे तर त्यानंतर वळला. त्याच्याकडे नोकरी आधी आली, पदक नंतर. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये त्याचा गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. अशा वेळी परतायचं की थांबायचं हे ठरवताना ज्याचा पगार चालू आहे तो सहा महिने वाट पाहू शकतो. ज्याचा नाही, त्याला पहिल्याच महिन्यात उत्तर द्यावं लागतं.

अर्थशास्त्रात यासाठी एक सोपा विचार आहे. निर्णय मागे घेता येणार नसेल आणि पुढची माहिती अजून यायची असेल, तर वाट पाहण्यालाच किंमत असते. त्यामुळे आकडे जरा उतरले तरी खेळाडू लगेच सोडत नाही यात मूर्खपणा नाही. पण वाट पाहायलाही पैसे लागतात. म्हणजे 'योग्य वेळ' ही शरीराबरोबरच घरच्या परिस्थितीवरही ठरते. एकच गुडघा, एकच वय, तरी दोन घरांत दोन वेगळी योग्य उत्तरं.

भरतीच्या मैदानावर हे आणखी उघड दिसतं. २०२२ मध्ये अग्निवीर योजना आली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस ठेवली होती, फक्त पहिल्या वर्षापुरती ती तेवीस केली. आता आठवा: एकविसाव्या वर्षी साबळेनं स्पर्धेत धावायला जेमतेम सुरुवात केली होती. फॉर्मवरची वयोमर्यादा नोकरीच्या गरजेनुसार ठरते, त्यात चूक काही नाही. पण घरचे जेव्हा तिच्यावरून 'तुझं पळायचं वय गेलं' म्हणतात, तेव्हा ते दोन वेगळी वयं एकत्र करतात. एक फॉर्मचं वय, एक शरीराचं. पहिलं संपलं म्हणजे दुसरं संपलं असं नाही. मात्र पहिलं संपल्यावर पोटाचं काय, हा प्रश्न खराच असतो, आणि तो उपदेशानं सुटत नाही.

स्वतःची ओळख

पैशाच्या पलीकडेही काहीतरी आहे. १९९३ मध्ये ब्रूअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर यांनी 'ॲथलेटिक आयडेंटिटी' मोजायची प्रश्नावली मांडली. माणूस स्वतःला किती प्रमाणात फक्त खेळाडू समजतो, हे त्यातून मोजतात. ही ओळख घट्ट असली तर सराव मन लावून होतो, पण खेळ सुटला की माणूसच सुटा पडतो. २०१३ मध्ये पार्क, लॅवली आणि टॉड यांनी खेळातून बाहेर पडण्यावरच्या १२६ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातून दिसणारा कल असा: ज्यांनी स्वतःहून निर्णय घेतला आणि पुढचं काहीतरी आधी ठरवलेलं होतं त्यांना सावरणं सोपं गेलं. ज्यांना दुखापतीनं किंवा निवड समितीनं बाहेर काढलं आणि ज्यांची ओळख फक्त खेळाडू एवढीच होती, त्यांना जड गेलं.

इथं घाईनं 'नियोजन केलं म्हणून सावरले' असं लिहू नका. ज्यांच्या घरी पैसा आणि आधार आहे तेच नियोजन करू शकतात आणि तेच लवकर सावरतात, असंही असू शकेल. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही, हे वाक्य आपण सगळे पाठ करतो आणि निष्कर्षाच्या प्रकरणात विसरतो.

मग कधी थांबावं?

एवढं सोलल्यावर माझं मत सांगतो. थांबण्याची वेळ बरोबर होती की चूक हे नंतरच्या निकालावरून ठरवता येत नाही, कारण दुसऱ्या पर्यायाचा पुरावा उरतच नाही. म्हणून निर्णय कसा घेतला यावरून तो तपासायला हवा. तीन गोष्टी पाहाव्यात. घसरण एका हंगामाच्या योगायोगापेक्षा मोठी आहे का, आणि तिला दुरुस्त होणारं कारण आहे का? निर्णय खेळाडूनं स्वतः, पूर्ण माहितीनिशी घेतला का? आणि पलीकडे पाय ठेवायला जागा तयार आहे का? तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर सत्तावीसही योग्य वय आहे आणि चाळीसही. नसतील तर कुठलंच वय योग्य नाही. आणि तिसरी गोष्ट एकट्या खेळाडूच्या हातात नसते. ती तालमीनं, संघटनेनं आणि सरकारनं तो वर चढत असतानाच तयार करायची असते. तो उतरायला लागल्यावर नाही.

हे माझं मत आहे, संशोधनाचा निष्कर्ष नाही, हेही लक्षात ठेवा. कामगिरी, आठवण, पैसा आणि मनःशांती यांपैकी कशाला किती वजन द्यायचं हे डेटा सांगत नाही. ते वजन आपण देतो, आणि ते दिलंय हे उघड लिहायचं असतं.

आता तुमचं काम. 'खेळाडूने निवृत्ती कधी घ्यावी' या एका वाक्यातून सिनॉप्सिसला चालतील असे प्रश्न असे निघतात:

१. महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय पातळीवरच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची, त्याच व्यक्तीच्या सलग वर्षांच्या वेळांवरून काढलेली, सर्वोत्तम कामगिरी कोणत्या वयात होते?

२. एका वाईट हंगामानंतर स्पर्धेत राहिलेले आणि बाहेर पडलेले खेळाडू आधीपासूनच कशात वेगळे होते? वय, दुखापत की नोकरी?

३. शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून नोकरी मिळालेले खेळाडू, न मिळालेल्यांच्या तुलनेत, स्पर्धेत किती वर्षं जास्त टिकतात?

४. स्वतःहून थांबलेले आणि दुखापतीनं थांबलेले कुस्तीपटू निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांचं वर्णन कसं करतात?

पहिला प्रश्न संख्यात्मक, चौथा मुलाखतींचा, मधले दोन तुलनेचे. चारही प्रश्नांत कोण, काय, कशाशी तुलना आणि किती काळ हे लिहिलेलं आहे. 'घ्यावी' एकाही प्रश्नात नाही.

तुमच्या वहीतला विषय काढा. त्यातलं 'करावे', 'असावे', 'व्हावे' पेन्सिलनं खोडा आणि उरलेल्या वाक्यात मोजता येईल असं काय शिल्लक राहतं ते पाहा. काही राहिलं तर तो तुमचा विषय. काहीच राहिलं नाही तर गाइडकडे जायच्या आधी आणखी एक आठवडा घ्या. तो आठवडा वाया जात नाही.